आधी कलम ५२ वाचा

प्रकाशकाचा माणूस दारात आला म्हणजे आपल्या हातून गुन्हा घडलाच, असं धरून चालणाऱ्या प्राचार्यांच्या हाताखाली ज्यांना नोकरी करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी बिघडत नाही.

घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या, गाईडं आणि अपेक्षित प्रश्नसंच. माझ्या वर्गातली मुलं डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांवरची. काही जुन्नरच्या आपटाळे, इंगळूनकडची, इथं मामा-मावशीकडं राहून शिकणारी. समाजशास्त्राच्या संदर्भग्रंथांची यादी हातात पडते तेव्हा त्यातली निम्मी पुस्तकं बाजारात नसतात, आणि असतात त्यांच्या किमती बघून मुली पुस्तक मिटून ठेवतात. म्हणून दरवर्षी चार-पाच पुस्तकांतलं एकेक प्रकरण काढायचं, स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं मूळ प्रत द्यायची, मुलं नेहमीच्या दरानं प्रती घेणार. यात माझा एक पैसा नाही. ज्यांनी शिकवलेलं आहे त्यांना हे सांगायला नको.

त्या दिवशी मशीनच्या काचेवर पुस्तक उघडं होतं आणि प्रकाशकाचा माणूस म्हणवणारे एक गृहस्थ मोबाइलनं त्याचा फोटो काढत होते. मग मुखपृष्ठाचा, मग दुकानाच्या पाटीचा. झेरॉक्सवाला पोरगा कर्जावर मशीन घेतलेला. त्याच्यापुढं त्यांनी बोटांवर मोजत हिशेब मांडला: तीन वर्षं आत, दोन लाख दंड, जामीन नाही. लगेच आवाज उतरवून, ‘मिटवायचं असेल तर बघू.’ पोरानं शटर अर्धं खाली ओढलं आणि मला फोन लावला.

मी पोचेपर्यंत गृहस्थ प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा घेत होते. मी विचारलं, कुठल्या पुस्तकाबद्दल तक्रार आहे, आणि लेखी काही आणलंय का? उत्तर मला नाही, प्राचार्यांना मिळालं: ‘आम्ही संस्थेशी बोलतोय, सर.’ आणि आमचे सर मला म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही जरा शांत राहा, कशाला लफडं?’ संध्याकाळी फलकावर परिपत्रक: कोणत्याही शिक्षकाने कोणत्याही पुस्तकाची छायाप्रत विद्यार्थ्यांना देऊ नये. ‘कोणत्याही’ दोनदा. खुलासा मागणारं पत्र मला वेगळं. त्या गृहस्थांकडं प्रकाशकाचं अधिकारपत्र आहे का, हे कुणी विचारलंच नाही. सत्राचे उरलेले दिवस माझ्या मुली ग्रंथालयातल्या एकुलत्या एका प्रतीवरून हातानं उतरवून घेत होत्या, आणि ज्यांची परतीची एसटी लवकरची, त्यांना तेही जमत नव्हतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता वकिली करते. खुलासा लिहायला तिच्याकडं गेले. तिनं कॉपीराइट कायदा, १९५७ उघडला. कलम ६३ दाखवलं: सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. म्हणजे गृहस्थांचे आकडे खरे होते. जामिनाचंही अगदीच खोटं नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं म्हटलं आहे. माझ्या पोटात गोळा आला. मग तिनं पानं मागं उलटली आणि कलम ५२ वर बोट ठेवलं. कशाकशाला उल्लंघन म्हणायचंच नाही, याची ती यादी. त्यात सरळ लिहिलंय: शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत. किती पानं, किती टक्के, काही नाही. ‘बाई,’ ती म्हणाली, ‘हे पान त्यांनी वाचून दाखवलं नाही ना?’ नाही दाखवलं. आणि आमच्या सरांनी विचारलं नाही. मला खरा राग कुणाचा आला, ते तुम्हीच ठरवा.

आमच्यासारखंच प्रकरण दिल्लीत आधीच होऊन गेलेलं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. कारण हेच, अभ्यासक्रमानुसार पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून दिली. अमर्त्य सेन यांच्यासारख्या लेखकांनीच प्रकाशकांना विरोध कळवला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. डिसेंबरात खंडपीठानं मुख्य तत्त्व उचलून धरलं: शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं घेता येतं, आणि प्रत कॉलेजच्या मशीनवर काढली की दुकानात, यानं फरक पडत नाही. नेमका कुठला मजकूर शिकवण्यासाठी गरजेचा होता आणि अख्खी पुस्तकं काढणं बसतं का, एवढं तपासायला दावा परत पाठवला. ती तपासणी झालीच नाही, कारण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनीच दावा मागं घेतला. दिल्लीचा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, हे वकीलबाईनं बजावलं. पण नोटिशीच्या उत्तरात टाकायला तो भरभक्कम आहे.

आता काय करायचं ते सांगते. संकलनाच्या पहिल्या पानावर विषय, वर्ष, अभ्यासक्रमातला घटक, आणि प्रत्येक प्रकरणाखाली लेखक-प्रकाशक लिहा. हे एक पान नसल्यानंच मला खुलाशात चार पानं खरडावी लागली. लागतंय तेवढंच घ्या. अख्खं पुस्तक स्पायरल करून दिलंत तर मी तुमच्या बाजूनं भांडणार नाही. मूळ प्रत दुकानात ठेवून ‘येईल त्याला दे’ म्हणू नका, दुकानदाराकडून कमिशन तर नाहीच. खासगी क्लासवाले दुसऱ्याच्या प्रश्नसंचांवर आपला शिक्का मारून फीमध्ये धरतात, त्यांनी माझा लेख दाखवू नये.

ज्याचा हक्क संपलाय ते बिनधास्त काढा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. पण हक्क असला म्हणून वर्गातली प्रत बंद होत नाही, हेच तर आमच्या कार्यालयाला अजून उमगायचंय. शाळेतल्यांनी झेरॉक्सच्या आधी बालभारतीच्या संकेतस्थळावरच्या मोफत पीडीएफ बघाव्यात.

कुणी आलंच, तर पुस्तकाचं नाव, पान आणि अधिकारपत्र लेखी मागा. तोंडी तडजोड करू नका, झेरॉक्सवाल्यालाही करू देऊ नका. त्याला वेळीच हे सांगून ठेवा, कारण पहिली धमकी त्यालाच मिळते. घाबरू नका वगैरे सगळेच म्हणतात, मीही म्हणते, पण पगार ज्याच्या सहीनं होतो तोच घाबरलेला असेल तर त्याचा उपयोग मर्यादित.

परिपत्रक मागं घ्यावं म्हणून मी कलम ५२ ची प्रत आणि दिल्लीच्या निकालाचा सारांश जोडून अर्ज दिलाय. आवक क्रमांक घेतलाय, तुम्हीही घ्या, नाहीतर अर्ज मिळालाच नाही म्हणतात. मध्ये एकदा विचारलं तर सर म्हणाले, ‘बघू, संस्थेच्या बैठकीत ठेवू.’ बैठकीची तारीख मात्र कुणी सांगत नाही.