लहान कुत्रा व मांजर : बळ कोणाचें अधिक?

लहान जातीचा कुत्रा व मांजर ह्यांपैकीं अधिक बळकट कोण, असें मुलें वारंवार विचारितात. ज्या घरांत धान्याच्या कणग्या आहेत तेथील वडील माणसांसही हा प्रश्न सुटलेला बरा. कारण उंदरांच्या बंदोबस्तासाठीं कोणतें जनावर पाळावें, हें त्यावर अवलंबून आहे.

मांजर साधारणपणें ४ ते ५ किलो भरतें. बसल्या जागेवरून तें सहज ५ फूट उंच उडी मारितें. त्याच्या खांद्यापाशीं असलेलें लहानसें हाड दुसऱ्या कोणत्याही हाडास घट्ट जोडलेलें नसतें. म्हणून जेथून डोकें जाईल तेथून बहुधा सर्व अंगही जातें. चालतांना नखें आंत ओढलेलीं असल्यामुळें तीं बोथट होत नाहींत. परंतु हें बळ क्षणाचें आहे. दबा धरावा, झडप घालावी, मानेंत सुळे रुतवावे, एवढ्यांत काम झालें तर झालें. लांबवर पाठलाग करणें मांजराच्यानें होत नाहीं.

टेरियर कुत्र्याची गोष्ट निराळी. ह्या जातीचें नांव ‘भूमि’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलें. कारण बिळांत शिरून आंतील जनावर बाहेर काढण्यासाठींच ती जोपासण्यांत आली. जॅक रसेल टेरियर ५ ते ६ किलोंचाच असतो. पण त्याचा जबडा व मान हींच त्याचीं हत्यारें. उंदीर धरिला कीं मान जोरानें झटकून तो त्यास ठार करितो व तत्काळ दुसऱ्याकडे वळतो. १८२३ सालीं लंडन येथें बिली नांवाच्या कुत्र्यानें १०० उंदीर साडेपांच मिनिटांत मारिल्याची नोंद आहे. तो पैजेचा क्रूर खेळ होता, आणि बिली कांहीं अगदीं लहान कुत्रा नव्हता; तरी झटक्याचा जोर त्यावरून कळतो.

आतां मांजराचा हिशेब पाहा. न्यूयॉर्क शहरांतील ब्रुकलिन भागांत कचऱ्याच्या एका कारखान्यांत संशोधकांनीं कॅमेरे लावून ७९ दिवस मोकाट मांजरांवर नजर ठेविली. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाप्रमाणें तेवढ्या अवधींत मांजरांनीं दोनच मोठे उंदीर मारिले! हा मांजराचा आळस नव्हे. घरांतील चिमुकला उंदीर २०-३० ग्रॅमचा, तर गटारांतला त्याच्या दसपट. चावून उलटणाऱ्या अशा शत्रूच्या वाटेस तें सहसा जात नाहीं. मग आपल्याकडील घुशीची तर गोष्टच नको. कणगीभोंवतीं चिमुकले उंदीर असतील तर मांजर पुरे. घुशी असतील तर कुत्राच पाहिजे.

कित्येक मुलें मौजेखातर ह्या दोघांची झुंज लावितात. ती कधींही लावूं देऊं नये. नखाच्या एका ओरखड्यानें कुत्र्याचा डोळा जातो, आणि कुत्र्यानें मान धरून झटकलें तर मांजर बहुधा वांचत नाहीं. सोडवावयास जाणाऱ्याच्या हातासही दांत लागतात. मांजराचे सुळे बारीक असल्यामुळें जखम वरून क्षुल्लक दिसते. पण ती खोल असून आंत पू धरिते. कुत्रा चावो वा मांजर, जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन पिसाळरोगाच्या लसीविषयीं विचारावें.