भिंतींचा उजेड कसा मोजायचा?

पेण तालुक्यातील हमरापूरच्या गणपती कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करायला भरपूर उजेड लागतो. दिव्याच्या थेट उजेडात भिंतींनी परतवलेल्या उजेडाची भर पडते. पण प्रत्येक भिंत इतर भिंतींकडूनही उजेड घेते! म्हणजे एका जागेचा उजेड काढायला सर्व जागांचा उजेड माहीत हवा. अशा समीकरणाला समाकल समीकरण म्हणतात.

ते सोडवण्यासाठी भिंती, छत व जमीन यांचे लहान चौकोन पाडतात. मग अज्ञात राशी मोजक्याच उरतात. सोपे उदाहरण घेऊ. बंद खोलीत प्रत्येक चौकोनावर थेट उजेड १ एकक आहे आणि पांढरा रंग ८० टक्के उजेड परतवतो.

पहिला अंदाज : १
दुसरा : १ + ०.८ × १ = १.८
तिसरा : १ + ०.८ × १.८ = २.४४

असेच पुढे गेल्यास उत्तर ५ वर स्थिरावते. मळक्या भिंती ५० टक्केच परतवत असतील, तर ते २ वर थांबते. दिवा तोच, पण चुन्याच्या हाताने उजेड अडीचपट! उघड्या दारा-खिडक्यांतून उजेड निसटतो, म्हणून प्रत्यक्षात लाभ कमी असतो.

येथील ०.८ हे समीकरणाचे सर्वांत मोठे आयगेन मूल्य. ते १ पेक्षा कमी असल्यानेच अंदाज स्थिरावतात. ९० टक्के परतवणाऱ्या रंगासाठी उत्तर किती येईल? वहीत करून पाहा.