मोठ्या गाडीचे स्टिअरिंग कधी सोडायचे?



यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या विहारात बीपी आणि साखरेची तपासणी ठेवली होती. दंडाला पट्टा बांधत असताना एक ताई हळूच म्हणाल्या, "सिस्टर, ह्यांना आजकाल समोरच्या गाड्यांचे लाइट फार लागतात. रोज घरी येऊन लाइटवाल्यांना शिव्या देतात. आधी असं नव्हतं." त्यांचे यजमान ५७ वर्षांचे. रात्रपाळीच्या कामगारांची बस चालवतात. ते पुरुषांच्या रांगेत उभे होते. विचारले तर म्हणाले, "मला काही नाही झालं. लोकांनीच एलईडी लावलेत."

एलईडी डोळ्यांवर येतात, हे खरे. पण त्याच मार्गावर बस चालवणाऱ्या तिशीतल्या पोराची ही तक्रार नव्हती. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी इथल्या आपल्या वस्त्यांत कितीतरी घरे स्टिअरिंगवर चालतात. कुणी कंपनीची बस चालवतो, कुणी कंटेनर, कुणी नव्या मोटारी वाहून नेणारा लांब ट्रेलर. ज्यांनी विशीत बिल्ला काढला, ते आता पन्नाशी-साठीत आले आहेत. गाडी कधी सोडायची, हा प्रश्न त्यांच्या घरात कुणी काढत नाही. म्हणून तो आज इथे काढते.

माझ्या घरातली गोष्ट

माझे वडील ट्रकवर होते. कांदा भरून रात्री निघायचे. तेव्हा ते ५९ वर्षांचे होते आणि मी जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला होते. एका पहाटे पुणे-नाशिक रस्त्यावर उभी असलेली, मागे लाइट नसलेली ट्रॉली त्यांना उशिरा दिसली. वडिलांना थोडे खरचटले. त्यांच्याबरोबर क्लीनर म्हणून गेलेल्या माझ्या मावसभावाचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तो २२ वर्षांचा होता.

सगळे म्हणाले, चूक ट्रॉलीवाल्याची. ती होतीच. पण त्याआधी सहा महिने वडील पेपर दारात, उजेडात नेऊन वाचत होते. तिन्हीसांजेला उंबऱ्याला ठेचकाळत होते. हे मी पाहत होते. नर्सिंग शिकत होते, तरी "डोळे दाखवा" म्हणाले नाही. माझी फी त्याच ट्रकमधून येत होती. लायसन्सच्या नूतनीकरणाला लागणारे डॉक्टरांचे सर्टिफिकेट एजंटने परस्पर आणून दिले होते. वडील कोणत्याच डॉक्टरसमोर बसले नव्हते.

कागद पाच वर्षांचा, शरीर रोजचे

आपल्या कायद्यात गाडी चालवण्याला वरची वयोमर्यादा नाही. व्यावसायिक वाहनाचे लायसन्स २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांसाठी मिळते. त्याआधी ते तीन वर्षांसाठी मिळत असे. दर नूतनीकरणाला फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ब्रिटनमध्ये ट्रक-बस चालकाची ४५ व्या वर्षापासून दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी होते आणि ६५ नंतर दरवर्षी. आपल्याकडे ५५ वर्षांच्या चालकाला जो अवधी, तोच ७० वर्षांच्या चालकाला.

पाच वर्षांत डोळे बदलतात, साखर वाढते, गुडघे जातात. म्हणून कायदा सांगत नसला तरी पंचेचाळिशीनंतर दर वर्षी तपासणी करून घ्या. फॉर्म १-ए साठी खऱ्या डॉक्टरसमोर बसा. तो फॉर्म आरटीओसाठी असतो, तसा तुमच्या क्लीनरसाठीही असतो.

वयाबरोबर काय बदलते?

डोळे: वय वाढते तशी बुबुळातली बाहुली लहान राहते आणि आतले भिंग पिवळट, धूसर होते. अंधारात डोळ्यांत उजेड कमी जातो. समोरून अप्पर लाइट पडला की नजर सावरायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. मोतीबिंदूत लाइटभोवती कडी दिसतात. काचबिंदूत दोन्ही बाजूंची नजर हळूहळू जाते. बहुतेक वेळा दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. अंबेठाण चौकात डावीकडून घुसणारी दुचाकी अशा माणसाला दिसतच नाही.

प्रतिसाद: ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या वर जाते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद उशीर झाला तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. चार मोटारसायकली एकामागे एक उभ्या केल्या की एवढे अंतर होते. त्यात गाडी भरलेली असेल तर ती थांबायला आणखी जागा घेते.

पाय आणि मान: मधुमेह जुना असेल तर तळपाय बधिर होतात आणि पेडल किती दाबले ते नीट समजत नाही. तळेगाव चौकाच्या कोंडीत तासभर जड क्लच दाबून डावा गुडघा धरतो. मान वळत नसेल तर आरशात न दिसणारी बाजू न बघताच राहते.

झोप: जो माणूस मोठ्याने घोरतो, झोपेत श्वास अडकून दचकतो आणि दिवसा पेंगतो, त्याला झोपेत श्वास थांबण्याचा आजार असू शकतो. चहा-तंबाखूने तो जात नाही. त्यावर उपचार आहेत. सर्दीच्या आणि खाजेच्या काही गोळ्या, खोकल्याची काही औषधे यांनीही गुंगी येते. दुकानातून गोळी घेताना "मी गाडी चालवतो" हे आधी सांगा.

घरच्या घरी पाच तपासण्या

१. मोकळ्या जागेत, दिवसाउजेडी उभ्या गाडीपासून २५ मीटर मोजा. साधारण ३३ लांब पावले होतात. चष्मा असेल तर तो लावून, एकेक डोळा झाकून, एमएच १४ ची पाटी वाचा. लायसन्सच्या फॉर्ममध्ये हेच अंतर विचारलेले असते.

२. समोरासमोर हातभर अंतरावर बसा. चालकाने एक डोळा झाकून तुमच्या नाकाकडे बघत राहावे. तुम्ही बाजूने बोटे हलवत आत आणा. एका बाजूची बोटे उशिरा दिसत असतील तर काचबिंदूची तपासणी हवी.

३. चालकाला डोळे मिटायला सांगून पायाच्या बोटांना हलकेच बोट लावा. "कोणत्या बोटाला लागलं?" विचारा. सांगता आले नाही तर साखर आणि पाय दोन्ही दाखवा.

४. खुर्चीत बसून, हाताचा आधार न घेता पाच वेळा उठबस करा. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायांची ताकद कमी झाली आहे.

५. शेजारी बसणाऱ्या क्लीनरला किंवा सहकाऱ्याला एकट्याने विचारा, "काकांबरोबर रात्री जायला भीती वाटते का?" त्याचे उत्तर ऐकून घ्या. त्यासाठी त्याच्यावर रागावू नका.

या तपासण्या डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाहीत. डॉक्टरांकडे कधी जायचे, ते त्यांतून कळते.

लगेच थांबायचे ते केव्हा?

फिट येणे, चक्कर येऊन शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, एक बाजू लुळी पडणे, एकाची दोन दिसणे, अचानक नजर कमी होणे, स्टिअरिंगवर डोळा लागणे. यांतले एकदा जरी झाले तरी डॉक्टर "चालवा" म्हणेपर्यंत गाडीला हात लावू नका.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशी गाडी काढू नये. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले तर गाडी बाजूला घ्या आणि तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्या, मग काहीतरी खा. साखर ताळ्यावर आल्यावरही पाऊण तास गाडी चालवू नका.

पायरी-पायरीने उतरा

गाडी सोडणे एका दिवसात होत नाही. आधी रात्रीची गाडी सोडा. मग लांब पल्ल्याची. मग ट्रेलर-कंटेनर सोडून दिवसाची बस किंवा छोटा हत्ती. शेवटी तोही. जो आजार बरा होतो त्यासाठी गाडी सोडायची गरज नाही, उपचार घ्यायची गरज आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयात मोफत होते. हा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा.

तासांचेही भान ठेवा. मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातल्या कामगारांसाठी आठवड्याला ४८ तासांची दुरुस्ती १९४६ साली मांडली. मोटार वाहतूक कामगारांनाही १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा दिली. साठीच्या माणसाने सलग १४ तास गाडी हाकणे ही मर्दुमकी नाही.

घर कसे चालेल?

खरी भीती डोळ्यांची नसते, पगाराची असते. म्हणून हा हिशेब पन्नाशीतच मांडा.

पगारातून पीएफ कापला जातो का, ते पाहा. पेन्शन योजनेत दहा वर्षे भरली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. ठेकेदार बदलला तरी यूएएन नंबर एकच ठेवा, म्हणजे वर्षे जोडली जातात. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय कार्ड मागा. पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. मोतीबिंदूच्या सुट्टीत चूल विझणार नाही. ६५ नंतर, उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर तहसीलमध्ये श्रावणबाळ योजनेचा अर्ज करा. आणि घरात चाळिशीच्या आतला चालक असेल तर त्याने आजच बँकेत अटल पेन्शनची चौकशी करावी.

तीस वर्षांच्या चालकाला रस्ते, गाड्या, गॅरेज, कागदपत्रे सगळे माहीत असते. नवे चालक तयार करणे, गाड्यांची पाळी लावणे, डिझेल-टायरची नोंद ठेवणे ही कामे त्याला येतात. मात्र ती आधीच मागून ठेवावी लागतात. अपघातानंतर कुणी देत नाही.

बोलायचे कसे?

चारचौघांत बोलू नका, सुनेसमोर तर नाहीच. "तुम्हाला आता जमत नाही" म्हणू नका. जेवण झाल्यावर, शांतपणे, पाहिलेली गोष्ट सांगा: "अहो, परवा उंबऱ्याला दोनदा ठेच लागली. आपण दोघं जाऊन डोळे दाखवून येऊ." आणि सोबत जा. लेकराने बोलायचे असेल तर घरखर्चातला आपला वाटा किती, हे आधी सांगावे. मगच गाडीचा विषय काढावा.

वडिलांनी अपघातानंतर ट्रक चालवला नाही. त्यावर कधी बोललेही नाहीत. मावसभाऊ आज जयपूर फूट लावून दुकान चालवतो. तो मला दोष देत नाही. मी तो दोष विसरत नाही.

त्या ताईंच्या यजमानांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. नवीन चष्मा आला. आता ते सकाळच्या पाळीची बस चालवतात. ६० झाले की बस सोडायची, असे त्यांनी स्वतःच घरी सांगितले आहे. ताईंनी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आहे.

आपल्या घरात अशी तारीख ठरली आहे का? या रविवारी बसून बोला.