मी टेम्पो अडवला होता

31 ऑक्टोबर 2022. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मी साताऱ्यात, फ्लॅट पुण्यात कर्वेनगरला, आणि फोनवर सोसायटीचा वॉचमन. "मॅडम, टेम्पो भरून झालाय. सोडू का?" मी म्हणाले, "अजिबात सोडायचा नाही." शाळेत तीस वर्षं काढली की "नाही" हा शब्द विचाराच्या आधी तोंडातून बाहेर पडतो.

भाडेकरू नवरा-बायको नागपूरकडचे, दोघंही कंपनीत. 1 जूनपासून अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, 22 हजार भाडं, 66 हजार डिपॉझिट. 18 ऑक्टोबरला त्या भाडेकरू मुलाचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, "काकू, हैदराबादला बदली झालीय. महिनाअखेर घर सोडतोय. सॉरी." मी बोटांवर हिशोब केला. नोव्हेंबर ते एप्रिल सहा महिने, म्हणजे 1 लाख 32 हजार. डिपॉझिट 66 हजार. म्हणजे उलट तोच मला 66 हजार देणं लागतो, असं माझं गणित. आणि हे चुकतं झाल्याशिवाय सामान गेटबाहेर जाणार नाही, असं मी सेक्रेटरींनाही सांगून ठेवलं.

टेम्पो दोन तास गेटवर उभा होता. गादी दोरीने वर बांधलेली, ड्रायव्हर वेटिंगचे पैसे मागतोय, मुलाची बायको रस्त्यावर उभी राहून रडतेय. हे सगळं वॉचमनने मला नंतर सांगितलं. त्या वेळी मी फक्त आवाज चढवत होते. शेवटी मुलाने पोलीस चौकीला फोन लावला. तिथून सेक्रेटरींना सांगण्यात आलं की पैशांचं भांडण दिवाणी आहे, कोर्टात जा, गाडी सोडा. गाडी गेली. रागाच्या भरात मुलगा किल्ल्याही घेऊन गेला.

माझ्याकडे डुप्लिकेट किल्ली होती. पण आता घर उघडावं की नाही, हेच कळेना. उघडलं आणि तो म्हणाला, आतले दागिने गेले, तर? असा घोळ घालत मी घर तसंच बंद ठेवलं. 6 नोव्हेंबरला एजंटने एक कुटुंब आणलं होतं, दहा तारखेपासून राहायला यायला तयार. मी त्यांना घर दाखवलंच नाही.

मग गेले वकिलाकडे. साताऱ्यात वकिली करणारी ही मुलगी आठवीला माझ्या वर्गात होती. तिने करार वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, तुमचं नुकसान किती झालं?"

"एक लाख बत्तीस हजार."

"ते तुम्हाला मिळालं असतं ते. नुकसान किती झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. वर्गात आपण असं कुणाला उभं करतो तेव्हा काय होतं, ते त्या दिवशी कळलं.

तिने पहिली गोष्ट दाखवली ती करारातली. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ घर न सोडण्याची अट, कुठेच नव्हतं. मी एजंटला "किमान सहा महिने तरी राहिले पाहिजेत" असं दोनदा बजावलं होतं आणि त्याने मान डोलावली होती. एजंटची मान करारात छापून येत नाही. कागदावर एवढंच होतं की दोघांपैकी कुणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. म्हणजे मुलाने करार मोडलाच नव्हता, फक्त नोटीस अपुरी दिली होती. व्हॉट्सॲप म्हणजे लेखी नाही, असं मी म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "तो निरोप कोर्टात पुरावा म्हणून उभा राहू शकतो. आणि तुम्ही त्याला लगेच उत्तरही दिलंय. आता मिळालाच नाही कसं म्हणणार?" 18 ऑक्टोबरपासून महिना 17 नोव्हेंबरला भरतो. भाडं ऑक्टोबरअखेर चुकतं होतं. उरले सतरा दिवस.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. समजा, लॉक-इन असतं तरी? 1872 च्या करार कायद्यात कलम 73 आणि 74 आहेत. करार मोडला तर दुसऱ्याला भरपाई मिळते, पण ती झालेल्या नुकसानीची. आणि नुकसान आवरण्यासाठी आपल्या हातात काय उपाय होते, हेही त्यात बघितलं जातं. करारात दंडाचा आकडा लिहिला असला, तरी कोर्ट त्या आकड्याच्या आत वाजवी वाटेल तेवढंच देतं. तिने 2015 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला. दिल्ली विकास प्राधिकरणाने एका कंपनीची लिलावातली 78 लाखांची बयाणा रक्कम जप्त केली आणि तोच भूखंड पुढे कितीतरी जास्त किमतीला विकला. कोर्ट म्हणालं, तुमचं नुकसान झालंच नाही, मग जप्ती कसली? पैसे परत करावे लागले. "ते प्रकरण जमिनीचं आहे, बाई, पण तत्त्व तेच. तुमचं घर जितके दिवस रिकामं राहिलं तितकं तुमचं नुकसान. आणि त्यातलेही जे दिवस तुम्ही स्वतः रिकामं ठेवलंत, ते कुणाच्या नावावर मांडणार?"

सहा तारखेचं कुटुंब मी तिला सांगितलं नव्हतं. तरी माझा चेहरा बघून तिला कळलं असावं.

टेम्पोबद्दल ती फार बोलली नाही. कुणाची वाट बेकायदा अडवणं हा फौजदारी गुन्हा आहे, एवढंच म्हणाली, आणि मुलाने लेखी तक्रार केली नाही हे नशीब. डिपॉझिटमधून आपली बाकी वळती करता येते. सामान ओलीस धरता येत नाही. लाइट-पाणी तोडण्याचा विचारही करायचा नाही. बाकी वसूल करायची तर नोटीस, आणि मग दिवाणी दावा. थकलेल्या भाड्यासाठी मुदत तीन वर्षांची असते. पण सतरा दिवसांच्या भाड्यासाठी साताऱ्याहून पुण्याला तारखांना जायचं, तर एसटीचं भाडंच त्याहून जास्त व्हायचं.

या निमित्ताने एक लक्षात आलं. घरमालक म्हणून आपल्याला धसका असतो तो न जाणाऱ्या भाडेकरूचा. कायद्यालाही त्याचीच काळजी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्याच्या कलम 24 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपून कुणी हटून बसला, तर त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून घर रिकामं करून घेता येतं. लवकर जाणाऱ्याबद्दल असं काहीच तयार मिळत नाही. तिथे फक्त आपला करार बोलतो, आणि आपण तो वाचलेला नसतो. मी तरी वाचला नव्हता. अंगठा ठेवायच्या मशीनवर अंगठा ठेवला आणि चहा केला.

करार नोंदवलेला होता, एवढंच काय ते शहाणपण. त्याच भाडे कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी. ती नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, आपण उलट सिद्ध करेपर्यंत. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड. मुद्रांक शुल्क पाव टक्का असतं. आमच्या करारावर ते सहाशेच्या आसपास आलं होतं आणि नोंदणी फी एक हजार. एवढे वाचवायला नुसत्या स्टँपपेपरवर नोटरी करून घेणारे लोक मी बघते, तेव्हा काय बोलावं कळत नाही.

शेवटी घर उघडून बघितलं आणि मुलाला मीच फोन केला. आधी उचलला नाही. मग मेसेज केला: सतरा दिवसांचं भाडं 12,467, महावितरणचं शेवटचं बिल 1,140, नळाची दुरुस्ती 650. बाकी 51,743 परत करते, किल्ल्या आणि सहीचं पत्र पाठव. भिंतींचा रंग मी लावला नाही. पाच महिन्यांत भिंत जेवढी मळायची तेवढीच मळली होती. अर्ध्या तासात उत्तर आलं, "ठीक आहे काकू." आठवड्याने कुरिअर आलं. त्यात किल्ल्या, करार संपल्याचं पत्र आणि एक चिठ्ठी होती: बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घाला, घाईत राहून गेली. तोवर तुळशीची काडी झाली होती.

ते पत्र साधं वाटतं, पण त्याच्याशिवाय जुना करार एप्रिलपर्यंत कागदावर जिवंत राहतो, आणि त्याच घराचा दुसरा करार करणं म्हणजे नवा गुंता. 1 डिसेंबरला नवा भाडेकरू आला. नोव्हेंबरमधले उरलेले तेरा दिवस माझ्या रागाच्या खात्यात गेले, वर एजंटची दलाली.

आता कुणी लवकर जातो म्हटलं की मी आधी तारीख विचारते. नक्की कुठल्या तारखेला? मग तेच त्याच्याकडून ईमेलवर लिहून घेते आणि त्याच दिवशी एजंटला कळवते. नोटिशीच्या महिन्यात घर दाखवू द्यायचं, ही अट मी करारात घातली आहे. तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते, कारण माणूस आत राहत असतानाच पुढचा ठरतो आणि कुणाचंच काही जात नाही. शेवटच्या दिवशी मी स्वतः जाते. मीटरचा फोटो, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, नळ सोडून बघायचे, किल्ल्या मोजून घ्यायच्या आणि फुलस्केपवर चार ओळींची ताबा पावती, दोघांच्या सह्या. डिपॉझिटचा हिशोब तिथेच, त्याच कागदाच्या मागे.

करारात आता लॉक-इन आहे. सहा महिने, आकड्यात आणि अक्षरात. त्याआधी गेलात तर पुढचा भाडेकरू येईपर्यंतचं भाडं, जास्तीत जास्त एक महिन्याचं. वकील मुलगी म्हणाली, एवढंच मागा, म्हणजे मिळेल. पुढच्या करारावेळी आलेल्या मुलीने तो मसुदा शांतपणे वाचला, अगदी शेवटच्या पानापर्यंत, आणि विचारलं, "काकू, हे सहा महिने तुम्हालाही लागू ना? म्हणजे मध्येच तुम्ही मला काढणार नाही?"

मसुद्यात तसं नव्हतं. पेन घेऊन मी "दोन्ही पक्षांना" असं वर लिहिलं आणि एजंटला सांगितलं, टाइप करून आण, मग अंगठा देते.