राष्ट्राची स्थिति सुधारत आहे काय? : आंकड्यांचा एक पाठ



गेल्या वर्षीं इयत्ता नववीच्या वर्गांत मीं विचारिलें, "आपल्या देशाची स्थिति पूर्वीपेक्षां सुधारली आहे काय?" अर्धा वर्ग "होय" म्हणाला, अर्धा "नाहीं". पुरावा मात्र कोणापाशींच नव्हता. म्हणून हा पाठ.

या विषयांत आपले वडीलधारे गुरु म्हणजे दादाभाई नौरोजी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत गणित शिकविलेल्या या गृहस्थांनीं सरकारी अहवालांतूनच आंकडे घेऊन हिंदी माणसाचें सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारें 20 रुपये ठरविलें, आणि तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्चहि त्याहून अधिक आहे असें दाखविलें. नुसत्या तक्रारीस उत्तर देतां येतें; हिशेबास देणें कठीण जातें.

आतां आपण साक्षरतेचा हिशेब पाहूं. 1951 च्या खानेसुमारींत शंभरांत सुमारें 18 माणसें साक्षर होतीं. 2011 सालीं सुमारें 73. प्रगति मोठी, यांत संशय नाहीं. तथापि दोन्ही वेळीं माप एकच होतें काय? नाहीं. पहिल्या वेळीं पांच वर्षांवरील माणसें धरिलीं, दुसऱ्या वेळीं सात वर्षांवरील. तेवढें लक्षांत ठेवूनच तुलना करावी.

दुसरी गोष्ट अशी कीं, 1951 पासून 1991 पर्यंत साक्षरांचें प्रमाण वाढलें, तशी निरक्षरांची संख्याहि वाढली. कारण लोकसंख्याच वाढत होती. ती संख्या घटलेली प्रथम दिसली 2001 सालीं. प्रमाण आणि संख्या हीं दोन्ही खरींच. एकच सांगणारा अर्धें सत्य सांगतो.

तिसरी गोष्ट : सरासरी ही झांकण घातलेल्या भांड्यासारखी असते. झांकण काढा. 1951 सालीं शंभर पुरुषांत 27 व शंभर स्त्रियांत 9 साक्षर होत्या. 2011 सालीं पुरुष 81, स्त्रिया 65. दोघांचीहि पायरी उंचावली, परंतु मधलें अंतर 18 वरून 16 वरच आलें. साठ वर्षांत एवढेंच! याच काळांत आणखी एक आंकडा मनास टोंचतो. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें मुली 1991 सालीं 945 होत्या, त्या 2001 सालीं 927 झाल्या. शाळा वाढत असतां मुली कमी होत होत्या.

शेवटीं बालमृत्यूचा आंकडा. जन्मलेल्या हजार मुलांपैकीं वर्षाच्या आंत दगावणारीं 1971 सालीं 129 होतीं. 2020 सालीं 28. हा आंकडा फळ्यावर लिहून मीं मुलांस घरीं चौकशी करावयास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं एका मुलीच्या वहींत एवढेंच होतें : "आजीचीं मुलें 6. जगलीं 4." गेलेल्या दोघांचीं नांवें तिच्या वडिलांसहि ठाऊक नव्हतीं. त्या दिवशीं वर्गांत त्या 129 चा अर्थ निराळा समजावून सांगावा लागला नाहीं.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर असें : पुष्कळ बाबतींत होय, परंतु सर्वांचें सारखें नव्हे, आणि सर्व बाबतींत नव्हे. पालकांस विनंति कीं, सुटींत मुलांस घरांतील तीन पिढ्यांचा तक्ता करूं द्यावा : कोण किती शिकलें, किती मुलें झालीं, किती जगलीं. मुलींची नोंद वेगळी ठेवावी. राष्ट्राचा हिशेब अशाच घरांच्या बेरजेनें होतो.