शिकत असताना कमिशन नको

चि. मुक्ता,


डॅलसच्या कुत्र्यांच्या ग्रूमिंग सलूनने तुझ्यापुढे दोन पर्याय ठेवलेत: ताशी १४ डॉलर, नाहीतर प्रत्येक कुत्र्यामागे निम्मं कमिशन. तुझा कल कमिशनकडे आहे हे मेसेजवरून कळलं. न्यू जर्सीत इतकी वर्षं हेच काम करणारी तुझी मावशी म्हणून सांगते, सध्या तासावर घे.

तिथली जुनी मुलगी दिवसाला सात कुत्री करते, असं मालकिणीने तुला सांगितलं. करत असेल, तिचा हात बसलाय. तू मात्र १०० डॉलरचं गोल्डनडूडल घेतलंस, तर आंघोळ, वाळवणं, विंचरणं, मशीन, कात्री धरून त्यात तुझे चार तास सहज जातील. तुझ्या वाट्याचे ५० डॉलर म्हणजे ताशी साडेबाराच झाले. दुपारचं गिऱ्हाईक आलंच नाही, तर तेवढा वेळ फुकट. तासावर असलीस तर त्या वेळात शेजारच्या टेबलावर कात्री कशी चालते ते बघशील, आणि त्याचेही पैसे मिळतील.

पण मला खरी काळजी कुत्र्यांची वाटते. कमिशनमध्ये पैसे वेगाचे असतात, आणि नवशिक्या हाताने वेग धरला की इजा कुत्र्याला होते. डूडलच्या कानामागे आणि काखेत जटा होतात. जटेबरोबर खालची कातडी ओढली जाऊन वर आलेली असते, ती दिसत नाही. घाईत तिथे कात्री घातली की कातडीच कापली जाते. मशीनचं ब्लेड तापलंय का, हे मनगटाला लावून बघायला एक क्षण पुरतो, पण पुढचं कुत्रं पिंजऱ्यात भुंकत असलं की नेमका तोच क्षण गाळला जातो आणि पोटाच्या नाजूक कातडीवर लाल चट्टा उठतो. काळ्या नखातली नस बाहेरून दिसत नाही, म्हणून नख थोडंथोडं करतच कापावं लागतं. म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय थरथरायला लागले तर त्याला खाली उतरवून बसू द्यावं लागतं. तासावर असलीस तर हे निवांतपणे करशील. कमिशनवर प्रत्येक वेळी मनात पैशाचा हिशेब सुरू होईल, आणि ती सवय एकदा लागली की सुटत नाही. असे हात मी पाहिले आहेत.

तासावरच्या नोकरीतही एक खोच आहे. स्वस्तातली आंघोळवाली म्हणून तुला वर्षभर टबापाशीच उभं करतील. म्हणून आधीच विचार: आठवड्यात किती कुत्री पूर्ण करायला देणार, आणि शिकवणार कोण? उत्तर लेखी घे. शिकवण्याचा खर्च म्हणून, लवकर नोकरी सोडल्यास पैसे परत द्यायची अट आहे का, तेही बघ. ५,००० डॉलरच्या अशाच अटीवरून २०२२मध्ये कॅलिफोर्नियात एका मोठ्या साखळीवर एका ग्रूमरने खटला भरला होता.

आता कायदा. आमच्याकडे २०२५मध्ये किमान वेतन ताशी १५.४९ डॉलर होतं. टेक्सासमध्ये केंद्राचाच दर चालतो, ७.२५ डॉलर, आणि तो २००९पासून हललेला नाही. तुझ्यामागे आधार तेवढाच. पण १९३८चा केंद्राचा कायदा कमिशनवाल्या नोकरांनाही लागू आहे: आठवड्याची कमाई भागिले आठवड्याचे तास, हा आकडा किमान दराखाली जाता कामा नये. त्या तासांत टॉवेल धुणं, फरशी पुसणं, सलूनमध्ये गिऱ्हाईकाची वाट बघत थांबणं, सगळं धरायचं. स्वतःच्या वहीत रोज तास लिहून ठेव. टिपा तुझ्या, मालकाला त्या ठेवून घेता येत नाहीत.

१०९९ फॉर्मवर, म्हणजे कंत्राटदार म्हणून, मात्र अजिबात जाऊ नकोस. वेळ, दर, कुत्री सगळं मालकीण ठरवणार आणि कागदावर तू स्वतंत्र कंत्राटदार, हे बरोबर नाही. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा मालकाचा वाटाही मग तुझ्याच माथी येतो, मिळून १५.३ टक्के.

कमिशन कधी घ्यायचं? शिह त्झू दीड तासात, मान-पाय-चेहरा नीट जुळवून, कुणाला न विचारता सोडता यायला लागलं आणि गिऱ्हाईकं तुझं नाव घेऊन वेळ मागायला लागली, की बोलणी कर. तेव्हाही एकदम उडी नको. ताशी पगार आणि कमिशन यांत जे जास्त भरेल ते, असं माग. बरीच सलून देतात. निम्मं म्हणजे कशाचं निम्मं, हे तेव्हा विचार: सवलत वजा करून की आधी? जटांचे जादा पैसे त्यात येतात का? दुरुस्तीला परत आलेल्या कुत्र्याचा वेळ कुणाच्या खात्यात?

कराराच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव, मागच्या बाजूचेही. मी वाचून रविवारी तुमच्या नऊच्या सुमारास फोन करते. तोवर सही करू नकोस.

तुझी,
मावशी