ही बॅग कोणाची?

परदेशातून येणाऱ्या विमानाची सुरक्षितता केवळ आपल्या विमानतळावर अवलंबून नसते. ते जेथून निघते आणि जेथे जेथे थांबते, त्या प्रत्येक विमानतळावर दक्षता असावी लागते. हा धडा जगाला फार मोठी किंमत मोजून शिकावा लागला. ती हकिकत प्रस्तुत पाठात सांगितली आहे.

माझे मामू नोकरीसाठी पहिल्यांदा सौदी अरेबियाला निघाले, तेव्हा मी लहान होतो. मुंब्र्याच्या आमच्या घरात पाहुण्यांची गर्दी झाली होती. शेजारच्या खाला एक पुडके घेऊन आल्या. ते कापडात शिवलेले होते. "माझ्या मुलासाठी लोणचे आहे, तेवढे पोहोचवा," असे त्या म्हणाल्या. मामू ते बॅगेत ठेवू लागले, तोच अब्बांनी त्यांना थांबवले.

"आधी उघडून पाहा," अब्बा म्हणाले.

मामूंना संकोच वाटला. "दुल्हाभाई, खालांवर संशय घ्यायचा का?"

"संशयाचा प्रश्न नाही. सामान तुम्ही स्वतः भरले का, असे विमानतळावर विचारतील. तेव्हा तुम्हाला खरे उत्तर देता आले पाहिजे."

खाला रागावल्या नाहीत. त्यांनीच कात्री मागून घेतली आणि शिवण उसवली. आत लोणच्याची बरणीच होती. तरीही अब्बांचे वागणे मला कठोर वाटले. पुढे मी 'कनिष्क' विमानाची हकिकत वाचली, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला कळला.

तारीख होती २२ जून १९८५. कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळावर एक माणूस तिकीट घेऊन खिडकीपाशी आला. त्याला आधी टोरांटोला आणि तेथून एअर इंडियाच्या विमानाने भारतात जायचे होते. पण एअर इंडियाच्या विमानातील त्याची जागा पक्की झालेली नव्हती. अशा प्रवाशाची बॅग थेट पुढच्या विमानासाठी घेता येत नसे. त्याने हट्ट धरला. मागे रांग वाढत होती. अखेर खिडकीवरील कर्मचारी बाईंनी ती बॅग घेतली. बॅग विमानात चढली. तो माणूस मात्र चढलाच नाही.

टोरांटोला ती बॅग एअर इंडियाच्या बोइंग ७४७ विमानात ठेवली गेली. या विमानाचे नाव होते 'कनिष्क'. ते माँट्रियल, लंडन आणि दिल्ली या मार्गाने मुंबईला येणार होते. त्या दिवशी टोरांटोला सामान तपासण्याचे क्ष-किरण यंत्र मध्येच बिघडले. उरलेल्या बॅगा हातात धरायच्या एका लहान उपकरणाने तपासण्यात आल्या. प्रत्येक बॅगेचा मालक विमानात बसला आहे का, याची खात्री कोणीही केली नाही.

२३ जूनच्या सकाळी विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आले. सुमारे ३१,००० फूट उंचीवर सामानातील बाँबचा स्फोट झाला. विमानातील सर्व ३२९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ऐंशीहून अधिक मुले होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातेवाइकांना भेटायला निघालेली कितीतरी कुटुंबे त्या विमानात होती. त्याच दिवशी जपानमधील नारिता विमानतळावरही एका बॅगेचा स्फोट झाला आणि सामान उचलणारे दोन कामगार ठार झाले. ती बॅगही व्हँकुव्हरहून मालकाशिवाय आली होती आणि एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढायची होती.

या प्रकरणातील चुका चौकशी आयोगाने २०१० साली सविस्तर मांडल्या. त्याच वर्षी कॅनडाच्या पंतप्रधानांनी मृतांच्या नातेवाइकांची जाहीर क्षमा मागितली. पण गेलेली माणसे क्षमेने परत येत नाहीत.

विमान भारताचे होते, पण ते निघाले परदेशी विमानतळावरून. घागर कितीही पक्की असली, तरी एका भोकातून सारे पाणी वाहून जाते. विमानाच्या मार्गाचेही तसेच आहे. म्हणून दुसऱ्या देशाशी नियमित विमानसेवा सुरू करताना तेथील विमानतळ कसा आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. तेथे प्रवाशांची आणि सामानाची तपासणी होते का? धावपट्टीभोवती पक्के कुंपण आहे का? उभ्या विमानाजवळ कोणाला जाऊ देतात? कर्मचाऱ्यांची ओळखपत्रे तपासतात का?

हे प्रश्न किती महत्त्वाचे आहेत, ते पुढच्याच वर्षी दिसले. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅम कंपनीचे विमान कराचीला थांबले होते. सुरक्षारक्षकांचा गणवेश घातलेले चार सशस्त्र अपहरणकर्ते गाडीने थेट विमानापर्यंत आले आणि आत शिरले. प्रवाशांना वाचवताना मुंबईत वाढलेली हवाईसेविका नीरजा भनोत हिने प्राण दिले. तेविसावा वाढदिवस तिला दोन दिवसांवर आला होता. भारत सरकारने तिला मरणोत्तर अशोकचक्र दिले.

विमान वाहतुकीचे नियम सर्व देशांत सारखे असावेत, म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना काम करते. तिचे मुख्य कार्यालय माँट्रियल येथे आहे. सुरक्षेचे नियम तिने १९७४ साली ठरवले आणि 'कनिष्क'नंतर ते अधिक कडक केले. जो प्रवासी विमानात बसला नाही, त्याची बॅग वेगळी तपासणी केल्याशिवाय न्यायची नाही, हा त्यांतील एक महत्त्वाचा नियम आहे. भारतातही नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो १९८७ साली स्वतंत्र विभाग झाला.

नियम कागदावर राहिले, तर मात्र उपयोग होत नाही. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले. अपहरणकर्ते शस्त्रे घेऊन काठमांडूलाच विमानात चढले होते. त्यानंतर भारताने तेथील आपली विमानसेवा काही महिने बंद ठेवली. विमानाच्या शिडीपाशी प्रवाशांची पुन्हा तपासणी करण्याची व्यवस्था झाली, तेव्हाच २००० साली ती पुन्हा सुरू झाली. त्याआधी १९९३ साली अमेरिकेने नायजेरियातील लागोस विमानतळाशी असलेली थेट विमानसेवा थांबवली होती. तो विमानतळ सुरक्षेच्या कसोटीला उतरत नाही, अशा पाट्याही अमेरिकेने आपल्या विमानतळांवर लावल्या होत्या.

तपासणीच्या रांगेत उभे राहायचा कंटाळा येतो. कधी कधी मनाला लागतेही. पण ती सर्वांची सारखी आणि आदराने झाली, तर तिच्यात अपमान नाही. नाव, चेहरा किंवा वेश पाहून ती कमी-जास्त करणे अन्यायाचे आहे. त्यात शहाणपणही नाही. कराचीत तर रक्षकांचा गणवेशच खोटा होता! आणि व्हँकुव्हरला कोणाच्या वेशाचा प्रश्नच नव्हता. 'ही बॅग कोणाची आणि तो कुठे आहे?' एवढे विचारले असते, तरी पुरे होते.

आजही आमच्या घरातून कोणी आखाती देशात निघाले, की शेजारीपाजारी पुडकी घेऊन येतात. पुडके आणणाराच ते सर्वांसमोर उघडून दाखवतो. त्याचे कोणालाही वाईट वाटत नाही. ती रीत खालांच्या कात्रीने सुरू झाली.

शब्दार्थ

दक्षता – खबरदारी, सावधपणा
पुडके – बांधलेले लहान गाठोडे
संकोच – अवघडलेपणा
उसवणे – शिवण सोडवणे
अपहरण – बळजबरीने पळवून नेणे
मरणोत्तर – मृत्यूनंतर
कसोटीला उतरणे – परीक्षेत खरे ठरणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खालांनी पुडके कोणासाठी आणले होते?
(आ) 'कनिष्क' विमान शेवटी कोणत्या शहरात येणार होते?
(इ) नीरजा भनोत हिला कोणता सन्मान मिळाला?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) व्हँकुव्हर आणि टोरांटो येथे कोणत्या चुका झाल्या?
(आ) भारताने काठमांडूची विमानसेवा का थांबवली?

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा.
हट्ट धरणे, मृत्युमुखी पडणे, कसोटीला उतरणे.

प्र. ४. 'तपासणी सर्वांची सारखी झाली पाहिजे.' लेखकाने असे का म्हटले आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.

उपक्रम : विमानाने प्रवास केलेल्या नातेवाइकाला तपासणीचा अनुभव विचारा आणि तो आठ ओळींत मराठीत लिहा.